तापल्या पाण्यात गळ टाकताना

उन्हाळा संपत आला की समुद्रावर गरवायला गेलेला नवखा बहुधा एकच गोष्ट सांगत परत येतो: "मासे उड्या मारताना दिसत होते, पण गळाला एक तोंड लावेल तर शपथ!" मीही पहिले दोन हंगाम हेच सांगत फिरलो. सावकाश उठायचं, दहाच्या सुमारास किनारा गाठायचा, ऊन डोक्यावर येईपर्यंत गळ पाण्यात भिजत ठेवायचा आणि "आज मासाच नाही" म्हणत सगळं गुंडाळायचं. मासा होता की. फक्त मी जिथे गळ टाकून बसलो होतो त्या पाण्यात त्याला धड श्वास घेता येत नव्हता, म्हणून तो शहाण्यासारखा दुसरीकडे गेला होता.

होडी नाही, किनाऱ्यावरूनच गरवायचंय आणि हाताशी एकच काठी आहे, असं धरून पुढचं सगळं लिहिलंय. या दिवसांत मासा शोधायच्या भानगडीत पडू नका. चालतं पाणी शोधा. ते सापडलं की मासा फार लांब नसतो.

पाण्याला काय झालंय ते आधी ओळखा

समुद्र हवेसारखा पटकन तापत नाही आणि पटकन निवतही नाही. सूर्य सर्वात वर येऊन गेला की त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी किनाऱ्याचं पाणी सर्वात गरम होतं. म्हणून उत्तर गोलार्धातल्या बहुतेक उबदार किनाऱ्यांवर ऑगस्ट-सप्टेंबर आणि दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी-मार्च हे तापल्या पाण्याचे दिवस. मोसमी पावसाच्या किनाऱ्यांवर हिशेब वेगळा असतो. तिथे पाऊस यायच्या आधीचे आठवडे म्हणजे या लेखातला उन्हाळ्याचा शेवट.

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्राच्या पाण्यात २० अंश सेल्सियसला लिटरमागे साधारण ७.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२ च्या आसपास. दुसऱ्या बाजूला माशाचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं, आणि दहा अंश वाढले की त्याच्या चयापचयाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे खर्च दुप्पट आणि कमाई घटलेली. अशा घरातला माणूस जसा वागेल तसाच मासा वागतो: उगाच धावपळ करत नाही, पण आयतं तोंडाशी आलं तर सोडतही नाही.

चालतं पाणी या अडचणीतून त्याची सुटका करतं. लाटांच्या आणि प्रवाहाच्या घुसळणीने पाण्यात हवा मिसळते, बाहेरचं खोल आणि थोडं थंड पाणी आत येतं, आणि कोळंबी, पिल्लं, खेकडे असं बारीकसारीक खाणं वाहत माशाच्या पुढ्यात येतं.

इथे नवख्याला हमखास चकवणारी एक गोष्ट सांगून ठेवतो. "पहाटे जा" हा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबरच आहे, पण उथळ, बंदिस्त आणि शेवाळाने भरलेल्या पाण्याला तो लागू पडत नाही. दिवसा पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात. रात्री त्याच तो वापरतात. त्यामुळे साचलेल्या पाण्यात ऑक्सिजनची सर्वात वाईट वेळ नेमकी सूर्योदयाच्या आधीची असते. पहाटे माशांची तोंडं पृष्ठभागावर गपगप करताना दिसली तर ते खात असतील असं समजू नका. बहुधा दम लागलेला असतो. तिथून उठा आणि जिथे पाणी वाहतंय तिथे जा.

हे बिघडलं की किती बिघडतं याचं उदाहरण मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात दिसतं. मिसिसिपी नदीतून शेतातली खतं समुद्रात येतात, शेवाळ माजतं, मरून तळाशी कुजतं आणि तळाचा ऑक्सिजन संपतो. वरचं गरम, गोडसर पाणी झाकणासारखं बसलेलं असल्याने खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. २०१७ साली तिथला असा निर्जीव पट्टा सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर मोजला गेला. तुमच्या किनाऱ्यावर इतकं काही होणार नाही, पण साचलेल्या खाडीच्या टोकाशी हाच प्रकार छोट्या प्रमाणात चालू असतो.

पाणी तांबूस, तपकिरी किंवा गडद हिरवं होऊन त्याला उग्र वास येत असेल, किनाऱ्यावर मेलेले मासे पडले असतील किंवा वाऱ्याबरोबर घसा खवखवून खोकला येत असेल, तर त्या दिवशी काठी उघडूच नका. काही सूक्ष्म शेवाळांचा बहर विषारी असतो. तिथले शिंपले-कालवं तर अजिबात खायची नाहीत.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक

हवामान बघायच्या आधी हे बघा. जवळच्या बंदराचं वेळापत्रक मोबाइलवर सहज मिळतं. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून आजची भरती उद्या साधारण ५० मिनिटं उशिरा येते. सगळीकडे असं नसतं. मेक्सिकोच्या आखाताच्या बऱ्याच भागात दिवसाला एकच भरती असते आणि भूमध्य समुद्रात तर बहुतेक ठिकाणी पाणी जेमतेम हलतं. तुमचा किनारा तसा असेल तर पाणी हलवायचं काम वारा करतो, आणि वाऱ्याचा अंदाज हेच तुमचं वेळापत्रक.

नवखे भरतीची वेळ बघतात आणि बरोबर त्या वेळेला हजर होतात. चूक इथेच होते. भरती पूर्ण झाली म्हणजे पाणी थबकलं, आणि थबकलेलं पाणी आपल्याला नको आहे. जोर मधल्या तासांत असतो. खलाशांचा एक जुना ठोकताळा आहे, बाराव्या हिश्शांचा. ओहोटी संपल्यापासून भरती येईपर्यंतचे सहा तास धरा. पाण्याच्या एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात परत एक. समजा पाणी एकूण ३.६ मीटर चढणार आहे. पहिल्या तासात ३० सेंटीमीटर चढेल आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी ९०. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी आत येतं. तुमचा गळ त्या वेळी पाण्यात हवा. त्याआधी पोहोचून तयारी, नंतर चहा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी आळशी. उधाणात प्रवाह जोरदार मिळतो, पण नवख्याला तो झेपेलच असं नाही. शिसं, म्हणजे गळ तळाशी नेणारं वजन, वाहून जातं आणि दोरा भलतीकडे जातो. माझ्या मते शिकायला सर्वात सोयीचे दिवस उधाणानंतरचे तीन-चार, जेव्हा जोर ओसरत असतो पण गेलेला नसतो.

चढतं पाणी बरं की उतरतं? थंडीत मी यावर वाद घालत बसलो असतो. तापल्या दिवसांत उत्तर बऱ्यापैकी सोपं आहे. दुपारनंतर उतरणारं पाणी उथळ चिखलावर दिवसभर शिजून बाहेर येतं, त्यामुळे संध्याकाळी चढतं पाणी निवडा. ते बाहेरून, खोलातून येतं. रात्रभर निवलेलं पाणी पहाटे खाडीच्या मुखातून बाहेर पडत असेल, तर ते आतली पिल्लं-कोळंबी घेऊन येतं आणि मोठे मासे मुखाशी वाट बघत उभे असतात. पहाटेची ओहोटी आणि संध्याकाळची भरती, एवढं लक्षात ठेवून कॅलेंडरवर खुणा करा. दर पंधरवड्यात यातलं एक तरी जुळणारे काही दिवस सापडतातच.

घड्याळ

सूर्योदयाच्या तासभर आधीपासून ऊन चटके देईपर्यंत, आणि मग सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून अंधार पडेपर्यंत. मधला वेळ झोपा.

मधल्या वेळेत वाऱ्याचाही त्रास असतो. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येऊ लागतो. उशिरा सकाळी सुरू होऊन दुपारी तो ऐन जोरात असतो. समोरून वारा आला की नवख्याचा फेका निम्म्यावर येतो आणि रिळावर दोऱ्याचं घरटं तयार होतं. पहाटे वारा बहुधा पडलेला किंवा जमिनीकडून असतो. तोच फेका मग विनासायास लांब जातो.

रात्रीचं गरवणं या दिवसांत सर्वात फळतं, पण पहिली रात्र एकट्याने आणि अनोळखी जागी नको. धक्क्यावर किंवा पुलावर दिवा असेल तर उजेडाच्या मध्यभागी गळ टाकायचा मोह होतो. मोठा मासा उजेड आणि सावलीच्या सीमेवर, सावलीच्या बाजूला उभा असतो. चारा उजेडातून सावलीत वाहत जाईल असा टाका. काही रात्री पाण्यात चमकणारे सूक्ष्मजीव इतके असतात की दोरा हलला तरी प्रकाशाची रेघ उमटते. बघायला फार सुंदर. मासे मात्र त्या रात्री बिचकतात, तेव्हा दोरा जितका कमी हलेल तितकं बरं.

जागा ओहोटीत बघून ठेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला विचाराल तर अख्ख्या लेखात हीच सर्वात महत्त्वाची. गरवायला जायच्या एक-दोन दिवस आधी, पूर्ण ओहोटीला, काठी न घेता किनाऱ्यावर चक्कर मारा. पाणी भरलेलं असताना जे सगळं सपाट दिसतं, ते ओहोटीत उघडं पडतं: वाळूचे लांब दांडे, दोन दांड्यांमधली घळ, खडकांच्या मधला खोलगट भाग, वाहत्या पाण्याने कोरलेला नाला. फोटो काढा. मागच्या झाडाची किंवा खांबाची खूण धरा, नाहीतर भरतीत ती घळ कुठे होती हे शोधत बसाल.

वाळूच्या किनाऱ्यावर लाटा वाचायला शिका. जिथे लाट फुटते तिथे खाली दांडा आहे, पाणी उथळ. दोन फुटणाऱ्या पट्ट्यांमध्ये जिथे लाट फुटतच नाही आणि पाणी गडद दिसतं, तिथे खोली आहे. मासे या घळीतून किनाऱ्याला समांतर ये-जा करतात, आणि ही घळ कित्येकदा वीस-पंचवीस मीटरवर असते. नवखा सगळी ताकद लावून ऐंशी मीटर फेकतो आणि मासा त्याच्या गळाच्या अलीकडून फिरत राहतो. मी हे हसत लिहितोय, पण माझे खांदे यात दुखले आहेत.

दांडा मध्येच तुटलेला असतो तिथून लाटांनी आत आणलेलं पाणी परत बाहेर धावतं. हाच तो बाहेर ओढणारा प्रवाह, पोहणाऱ्यांचा जीव घेणारा. गरवणाऱ्यासाठी त्याच्या कडा उत्तम, कारण ढवळलेल्या वाळूतलं खाणं तिथून बाहेर जातं. कोरड्या वाळूवर उभं राहून त्या कडेला गळ टाका. त्यात कमरेएवढं जाऊन उभं राहणं म्हणजे वेडेपणा. चुकून ओढले गेलातच तर प्रवाहाच्या उलट पोहू नका. आडवे, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर या आणि मग परत फिरा.

खडकाळ किनारा असेल तर पांढरा फेस शोधा. फेस म्हणजे हवा मिसळलेलं पाणी, आणि वर फेसाचं झाकण असल्यामुळे खालचा मासा निर्धास्त असतो. पुलाचे खांब, धक्क्याचे कोपरे, कांदळवनाच्या मुळांलगतची खोल बाजू, खाडीचं वळण जिथे बाहेरच्या काठाला पाणी खोल कापत जातं, या सगळ्या जागांत एकच समान धागा आहे. प्रवाह एखाद्या अडथळ्याला वळसा घालतो, मासा अडथळ्यामागे कमी कष्टात उभा राहतो आणि वाहत आलेलं उचलतो. चारा प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून अडथळ्याकडे वाहू द्या.

पाण्याच्या रंगाची रेघही बघा. गढूळ आणि स्वच्छ पाणी भेटतं तिथे बऱ्याचदा फेस, पानं, काड्या जमून लांब पट्टा दिसतो. बारकी मासळी त्या गढूळ बाजूला लपते आणि शिकारी स्वच्छ बाजूने गस्त घालतो. पृष्ठभागाची चकाकी घालवणारा पोलराइज्ड चष्मा इथे कामाला येतो. सगळ्या सामानात मी सर्वात आधी तोच घ्यायला सांगेन. पक्षी तर फुकटचे वाटाडे. कुरव आणि सुरय एकाच जागी पुन्हा पुन्हा सूर मारत असतील तर खालून कोणीतरी पिल्लांना वर ढकलतंय. नुसते पाण्यावर बसलेले पक्षी मात्र जेवण उरकलेले असतात.

सामान

सामानाच्या दुकानात जितका वेळ घालवाल तितका तो समुद्रावरून कमी होतो, म्हणून थोडक्यात. आठ ते दहा फुटी मध्यम ताकदीची काठी, ४००० मापाचं खाऱ्या पाण्यात टिकणारं रीळ, २० पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारा) विणलेला दोरा आणि पुढे मीटर-दीड मीटर ३० पौंडी फ्लुरोकार्बनचा, म्हणजे एका चिवट प्लॅस्टिकचा, लीडर. लीडर म्हणजे मुख्य दोरा आणि गळ यांच्यामधला तुकडा. फ्लुरोकार्बन पाण्यात दिसत नाही असं सांगतात. त्याचा वक्रीभवनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप; पाण्याच्या जितका जवळ तितकं कमी दिसतं) १.४२ च्या आसपास, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा त्याहून जास्त, तेव्हा फरक आहे खरा. पण गढूळ पाण्यात कोणाला काय दिसतंय? मी तो घेतो कारण खडकावर आणि दातांवर घासून तो जास्त टिकतो.

गळ गोल घ्या, ज्याला सर्कल हुक म्हणतात, १/० ते ४/० मापाचे. शिसं दोन-तीन वजनांचं ठेवा. प्रवाहात चारा तळाला जेमतेम टिकेल इतकंच लावायचं. गाठी दोनच शिका, पालोमार आणि क्लिंच, पण घरी बसून, डोळे मिटून बांधता येईपर्यंत. ओढायच्या आधी गाठ ओली करा, कोरडी गाठ आवळताना घर्षणाने दोरा कमजोर होतो.

पाणी तापलेलं असताना "बारीक दोऱ्यावर मोठा मासा" ही हौस सोडून द्या. लढाई लांबली की मासा इतका थकतो की सोडून दिल्यावरही तासाभराने मरतो. परत आल्यावर काठी-रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. जोरात फवारा मारलात तर मीठ रिळाच्या आतच जाईल.

चारा आणि बादली

उन्हाळ्याच्या शेवटी किनाऱ्याजवळ त्या वर्षीची पिल्लं भरपूर असतात, आणि शिकारी मासे त्याच मापावर डोळा ठेवून असतात. हातभर लांब आमिषापेक्षा बोटभर चारा जास्त चालतो. जिवंत कोळंबी, बोयीची पिल्लं, छोटे खेकडे, माकुळाच्या पट्ट्या, यातलं जे त्या पाण्यात आपसूक असतं ते उत्तम. कोळंबी लावताना डोक्यातला काळा ठिपका टाळून शिंगाखालून गळ घाला, म्हणजे ती बराच वेळ जिवंत राहते. शेपटीतून लावलीत तर लांब फेकता येते, पण लवकर मरते.

जिवंत चाऱ्याची बादली हा या ऋतूतला सर्वात मोठा वैताग. माझी पहिली पन्नास कोळंबी वीस मिनिटांत पांढरी पडून मेली होती. कारण वर सांगितलेलंच: गरम पाणी, कमी ऑक्सिजन, आणि त्यात मी गर्दी केलेली. बादली सावलीत ठेवा, बॅटरीवरचा हवेचा पंप लावा, चारा कमी ठेवा आणि निम्मं पाणी दर अर्ध्या तासाला बदला. गार करायला बर्फ थेट टाकू नका. बर्फ वितळला की नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि गोडं पाणी दोन्ही कोळंबीला मारतात. बंद बाटलीत गोठवलेलं पाणी बादलीत तरंगत ठेवा, तेही सांभाळून, कारण तापमान एकदम उतरलं तरी त्या मरतात.

मेलेला किंवा कापलेला चारा उन्हात अर्ध्या तासात मऊ पडतो आणि पहिल्याच फेक्यात गळावरून उडून जातो. तो बर्फावर ठेवा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी बदला. बारीक मासे सतत कुरतडत असतील तर खेकड्याचा तुकडा किंवा माकूळ लावा, तो चिवट असतो.

खोटं आमिष वापरणार असाल तर एवढंच: पहाटेच्या धूसर उजेडात पाण्यावर आवाज करणारं, ऊन वर आलं की खोल आणि हळू. खूप हळू वाटेल, त्याहूनही हळू.

मासा लागला की

सर्कल हुकला झटका द्यायचा नसतो. सवयीने हात वर जातोच, आणि गळ माशाच्या तोंडातून अलगद बाहेर येतो. दोरा ताणला जाऊ द्या, काठी वाकू द्या, मग रीळ फिरवायला लागा. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. माशाने गळ गिळायचं प्रमाण कमी होतं, आणि सोडायचा असेल तर तो वाचतो.

सोडायचा मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचं बुळबुळीत आवरण निघतं आणि तेच त्याचं रोगांपासूनचं कवच असतं. फोटो हवा असेल तर फोन आधी तयार ठेवा. तुम्ही स्वतः श्वास रोखून धरा आणि तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात. गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता दोरा तोंडाजवळ कापून टाका. कुठला मासा, किती लांबीचा, कुठल्या महिन्यांत ठेवता येतो याचे नियम प्रत्येक किनाऱ्याचे वेगळे असतात. परवाना लागतो का तेही घरून निघण्याआधी बघा.

ठेवायचा मासा लगेच मारा, कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फ व समुद्राचं पाणी यांच्या गाऱ्यात बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा तो सगळीकडून टेकतो, म्हणून मासा फार लवकर गार होतो. बांगडा आणि टूनाच्या कुळातल्या माशांबाबत हे विशेष पाळा. ते उन्हात राहिले की मांसात हिस्टामिन तयार होतं, आणि ते एकदा तयार झालं की शिजवून, तळून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात. मासा दोरीत ओवून गरम पाण्यात सोडायची पद्धत या ऋतूत तर साफ चुकीची.

स्वतःचा जीव

पाणी तहान लागायच्या आधी प्या, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि काठाची टोपी घाला. घाम यायचा थांबला, बोलणं अडखळलं, डोकं गरगरलं की उन्हाचा झटका समजा: सावली, अंगावर गार पाणी आणि तातडीने डॉक्टर.

दुपारनंतर ढग मनोऱ्यासारखे वर चढू लागले की आवराआवर सुरू करा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी गेले, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तुमच्या हातातली कार्बनची काठी वीज उत्तम वाहून नेते आणि सपाट किनाऱ्यावर तुम्हीच सर्वात उंच असता. काठी आडवी ठेवा, इमारतीत किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर येऊ नका.

याच दिवसांत दूरवर चक्रीवादळं होतात. आकाश निरभ्र, वारा नाही आणि तरी मोठ्या, सावकाश लाटा येत असतील तर त्या शेकडो किलोमीटरवरून आलेल्या असतात. अशा लाटांचे गट येतात. दहा मिनिटं शांतता आणि मग एकदम तीन-चार मोठ्या. खडकावर उतरण्यापूर्वी वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा. खडक वरपर्यंत ओला असेल तर तिथवर पाणी येतंच.

उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत न्या. पाकट वाळूत लपून बसते. पाय घासला तर निघून जाते, पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवा. विष उष्णतेने निकामी होत जातं आणि वेदना उतरतात. काटा खोल असेल, छातीत किंवा पोटात असेल तर ओढून काढू नका, दवाखाना गाठा.

अंगावर ताजी जखम असेल तर तापलेल्या, निमखाऱ्या पाण्यात उतरू नका. व्हिब्रिओ नावाचे जीवाणू अशाच पाण्यात वाढतात, आणि यकृताचा आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांना त्यातली एक जात जिवावर बेतू शकते. काटा टोचल्यावर जागा स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. काही तासांत लाली, सूज आणि वेदना झपाट्याने वाढली तर सकाळची वाट बघू नका. डॉक्टरांना समुद्राच्या पाण्याचा उल्लेख आवर्जून करा, त्याने उपचाराची दिशा बदलते.

पहिला दिवस

वेळापत्रकातून दिवस निवडलात, ओहोटीत जागा पाहिलीत, गाठी जमल्या. आता पाण्याला जोर यायच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि काठी जोडायच्या आधी पाच मिनिटं पाण्याकडे बघा. काडी कुठल्या दिशेला वाहतेय, पक्षी कुठे आहेत, लाट कुठे फुटत नाही. जमलं तर साधा पाण्याचा तापमापक दोरीला बांधून दोन ठिकाणी बुडवा. खाडीच्या आत ३३ आणि मुखाशी ३० दाखवत असेल, तर कुठे उभं राहायचं ते ठरलं.

पहिला फेका जवळ, घळीत. मग थोडा लांब. वीस मिनिटांत एकही ठोका नाही तर पन्नास पावलं सरका. तरीही नाही, तर चाऱ्याची खोली बदला. पाणी थबकलं की गुंडाळा, थांबून उगाच भाजून घेऊ नका.

आणि एक वही ठेवा. तारीख, तिथी, पाणी चढतं की उतरतं, वारा, तापमान, रंग, काय लागलं. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत सलग अकरा पानांवर "काही नाही" आहे. बाराव्या पानावर वेळ सहा दहा, पाणी उतरतं, मुखाशी, खांबामागे. पुढे शाई ओल्या बोटांनी पुसली गेली आहे.